हात आडवा केला नाही म्हणून

३ फेब्रुवारी, सोमवार

पंप विकणाऱ्या कंपनीनं दिवाळीत फुकट दिलेली डायरी. जानेवारी कोराच गेला. डॉक्टर म्हणाले, बीपीच्या गोळीबरोबर रोज चार ओळी लिहा, मन हलकं होतं. माझं मन जड आहे असं मला कधी वाटलं नाही. पण कागद चांगला आहे.

पहिल्या पानावर नाव, गाव, व्यवसाय लिहायची जागा आहे. अमरसिंह, शिवाजी पेठ, इथपर्यंत सोपं गेलं. व्यवसायापाशी अडलो. नदीचं पाणी रानाला देणाऱ्या गावोगावच्या पाणीसंस्थांच्या मोटारी मोबाईलवरून चालू-बंद होतात, त्याचा प्रोग्राम मी लिहितो. पेठेत विचारलं तर सांगतात, 'त्यो होय, मोटारवाला.' तेच लिहिलं.

आज वर्षाराणी मॅडमनी, म्हणजे आमच्या मालकीणबाईंनी, नवीन काम दिलं. गेलेली लाईट परत आली की मोटर आपोआप सुरू झाली पाहिजे, ऑपरेटरनं बटण दाबायची वाट बघायची नाही. जयसिंगपूरकडच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाला हेच पाहिजे. मार्चमध्ये त्याला दाखवायचं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

अझीमशी वाद झाला. अझीम माझ्या हाताखाली आहे. हुशार आहे, पण प्रत्येक गोष्टीत 'पण सर' म्हणायची खोड.

आमच्या प्रोग्राममध्ये एक इंटरफेस आहे. इंटरफेस म्हणजे करार: ज्याला आमच्यात यायचंय त्यानं मोटर सुरू कशी करायची, बंद कशी करायची, पाण्याची पातळी कशी सांगायची, हे सगळं लिहून द्यायचं. प्रत्येक संस्थेचा वेगळा क्लास आहे, म्हणजे प्रोग्राममधला तिचा स्वतःचा कप्पा, कारण प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. आता करारात एक नवीन कलम वाढवलं, 'लाईट आल्यावर', तर सगळे क्लास एकदम लाल होतात. आमच्याकडं हे कलम नाही म्हणून बोंब मारतात. मग एकेका संस्थेला विचारा, एकेकीचं लिहा. जन्म जाईल.

त्याला उपाय डिफॉल्ट मेथड. कलमाचा मजकूर करारातच लिहून टाकायचा. ज्यानं स्वतःचं काही लिहिलं नाही, त्याला हेच लागू. कोणी लाल होत नाही.

अझीम म्हणाला, "पण सर, ज्याला नको असेल त्याचं काय?"

मी त्याला पंगतीचं उदाहरण दिलं. वाढपी मीठ वाढताना विचारत बसतो का? वाढत जातो. ज्याला नको त्यानं पानावर हात आडवा करायचा. हात आडवा केला नाही म्हणजे चालतंय.

त्यावर तो म्हणाला, "सर, पानावर माणूस बसलाय का, एवढं तर वाढपीपण बघतो."

उगाच शहाणपणा. पण वाक्य बरं होतं, म्हणून इथं लिहिलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सयाजीला फोन लावला, उचलला नाही. सयाजी तेजस्वीचा थोरला भाऊ. कागलच्या पुढं नदीकाठाला तिचं माहेर आहे, तिथल्या पाणीसंस्थेचा तो ऑपरेटर. नवीन सोयीबद्दल त्याचं मत घ्यावं म्हटलं होतं. घरचंच माणूस.

जेवताना तेजस्वीला सांगितलं. भाकरी थापता थापता म्हणाली, "मंगळवारी दादा कुठला फोन उचलतोय? गाव मंगळवार पाळतंय की. रानात औत न्हाय, पाणी न्हाय, मोटारी बंद. त्या दिवशी तो जॅकवेलात उतरून गाळ काढतोय. आत रेंज कुठली?"

जॅकवेल म्हणजे नदीकाठची ती खोल विहीर, मोटर जिच्या पाण्यात सोडलेली असते. लहानपणी वाकून बघायलासुद्धा भीती वाटायची.

मत उद्या घेऊ. आमटीत मीठ कमी होतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

सयाजी आला. मत घ्यायचं राहूनच गेलं होतं, तोच दारात. त्याला फुटबॉलची मॅच बघायची होती. आमच्या पेठेचा संघ खेळणार म्हटल्यावर हा माणूस पाहुण्यांचं लग्न सोडून येईल. अझीमपण होता, तो समोरच्या संघाचा, त्यामुळं दोघं चहा पिताना तासभर भांडले आणि मग एकाच गाडीवरून मैदानावर गेले.

नवीन सोय सांगितल्यावर सयाजी खूश. "दाजी, लई झ्याक काम केलासा. लाईट येती त्याचा काय नेम? आमचं आयुष्य त्या बटणापाशी चाललंय. निम्म्या मॅची चुकल्या माझ्या."

अझीमनं त्याला विचारलं, आत्ता मोटर सुरू करताना काय काय करता? सयाजी म्हणाला, "काय करायचं? काठावर जायचं, आत हाळी घालायची, 'कोण हाय काऽऽ आत?' कोण बोललं न्हाय की दाबायचं बटण."

"रोज?"

"रोज. माझा बा घालायचा, मी पण घालतोय. सवय हो."

मी हसलो. अझीम हसला नाही. चहा गार होईपर्यंत काहीतरी विचार करत बसला होता. मॅच बरोबरीत सुटली.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सगळ्या संस्थांचे आलेख तपासले. सासुरवाडीच्या मोटरचा आलेख दर मंगळवारी सपाट. शून्य. सेन्सर खराब असणार, दुसरं काय. गैबीला फोन करून तपासायला सांगितलं. गैबी कागलचा, मोटारी वाइंडिंग करणारा, त्या भागातली आमची दुरुस्तीची कामं तोच बघतो. म्हणाला, "सेन्सर चांगला हाय सायेब. केबलचा सांधा मातूर जुना झालाय, करंट मारील कवातरी. संस्थेला दोनदा सांगितलं." सांध्याचा माझ्या प्रश्नाशी काही संबंध नव्हता. ज्याला जे विचारावं ते कोणी सांगत नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

अझीमनं न सांगता एक मेथड लिहून आणली. नाव 'हाळी'. ऑपरेटरच्या फोनची घंटी वाजवते, 'आत कोणी आहे का' विचारते आणि उत्तर येईपर्यंत थांबते. त्याचं म्हणणं, डिफॉल्टच्या पहिल्याच ओळीत ही घालू.

म्हटलं, बाबा रे, उत्तराची वाट बघायची असती तर आपोआप या शब्दाला काय अर्थ? जयसिंगपूरवाल्यासमोर घंटी वाजवत उभं राहायचं?

मग मीच मध्यम मार्ग काढला: मेथड ठेव, पण स्टॅटिक ठेव. डिफॉल्ट न मागता पानात पडतं. स्टॅटिकचं तसं नाही, ती इंटरफेसच्या मालकीची असते आणि तिचं नाव घेऊन बोलवावं लागतं. पंगतीच्या कोपऱ्यातलं पाण्याचं पिंप समज. तहान लागेल तो उठून जाईल.

अझीम काही बोलला नाही. म्हणजे पटलं.

३ मार्च, सोमवार

सगळ्या संस्थांना मेल गेली. 'सहा तारखेपासून ही सोय सुरू होत आहे. नको असल्यास कळवावे.' एकाचंही उत्तर नाही. इतक्या संस्था, इतके अध्यक्ष, आणि एकाचीही तक्रार नाही, असं आमच्या कंपनीत पहिल्यांदा घडतंय. मॅडम खूश.

अझीमचे रोजे सुरू झालेत. दुपारी डबा त्याच्यासमोर उघडायला मला अवघड वाटतं. तो म्हणतो, "जेवा की सर, रोजा माझा हाय, तुमचा न्हाय."

६ मार्च, गुरुवार

सोय चढवली. सगळे क्लास हिरवे. एक लाल नाही. इतकं स्वच्छ काम माझ्या हातून फार दिवसांनी झालं.

तेजस्वीला सांगितलं, मे महिन्यात माझे मित्र सहकुटुंब गोव्याला चाललेत, आपणपण नाव दिलंय. ती धुणं वाळत घालत होती. काही म्हणाली नाही. मेमध्ये ती माहेरी जाते खरी, पण यंदा गोवा.

११ मार्च, मंगळवार. दुपार, जयसिंगपूर

स्टँडसमोर चहा घेत लिहितोय. डेमो अप्रतिम झाला. भिंतीवर नकाशा लावला होता, प्रत्येक संस्थेचा एक ठिपका. बोलता बोलता नशिबानं कागलकडची लाईट गेलेली होती ती आली, आणि एकापाठोपाठ एक ठिपके हिरवे होत गेले. कोणी हात लावला नाही. गिऱ्हाईक खुर्चीतून उठून उभं राहिलं. म्हणालं, "वा पावणं, ही मोटार म्हणायची!"

सासुरवाडीचा ठिपकासुद्धा हिरवा झाला, मंगळवार असून. सेन्सर सुधारला वाटतं.

तेजस्वीचे दोन फोन येऊन गेले. डेमोत होतो, कट केले. दही आणायला सांगायचं असेल.

त्याच दिवशी, संध्याकाळ

कोल्हापूर. दवाखान्याच्या व्हरांड्यात.

सयाजी आत आहे. जिवंत आहे. हे आधी लिहितो.

तो जॅकवेलात होता. कमरेइतक्या पाण्यात, एक हात लोखंडी शिडीला. आतला दिवा मोटारीच्या पॅनेलवरूनच घेतलेला, म्हणून मेन स्विच कधी पाडत नाहीत. बटण कोणी दाबल्याशिवाय मोटर लागत नाही हे त्याला माहीत होतं. बापाच्या वेळेपासून माहीत होतं. लाईट गेली, अंधार झाला, तो तसाच थांबला. लाईट आली. दिवा लागला म्हणून हसला, असं गैबी सांगतो. मग मोटर लागली.

सांधा जुना होता. पाण्यात करंट उतरला.

गैबी वर होता म्हणून. त्यानं मेन पाडला आणि बोंब ठोकली. शेजारच्या रानातली माणसं धावली. मंगळवार, म्हणून सगळी बांधावर बसलेली होती.

तेजस्वी आत आहे. माझ्याशी बोलली नाही.

१३ मार्च, गुरुवार

झटक्यानं शिडीवर आदळून सयाजीचा खांदा मोडलाय. उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत. डॉक्टर म्हणतात, बघू. पुन्हा शिडी चढायचं विसरा, असंही म्हणतात.

सयाजी शुद्धीवर आहे. मला बघून म्हणाला, "दाजी, तुमची मोटर लई हुशार. पण वार पाळत न्हाय बघा." आणि हसायला गेला तर कळ आली.

मी म्हणालो, कोणी कळवलं नाही मंगळवारचं. मेल पाठवली होती.

तेव्हा तेजस्वी पहिल्यांदा बोलली. "मी सांगितलं होतं. भाकरी करताना."

मला आठवत नाही. असली गोष्ट मी विसरेन असं वाटत नाही. तिला तसं वाटत असेल, या अवस्थेत माणसाला काहीही वाटतं.

आज होळी. पेठेत पोरं बोंब मारतायत. कान बंद करून घेतले.

१५ मार्च, शनिवार

मॅडमनी बोलावलं. दार लावून घेतलं. म्हणाल्या, "अमरसिंह, वाईट झालं. पण सांधा संस्थेचा होता, आपला नाही. आणि हे बघा, कोणाची तक्रार आलेली नाही. बाकी सगळीकडं छान चाललंय. जयसिंगपूरचं काम हातात आहे. आत्ता त्या कोडला हात लावायचा नाही."

तक्रार आलेली नाही. हे वाक्य मीच लिहिलेलं असल्यासारखं वाटलं.

बाहेर आलो तर अझीम जागेवर. त्याला विचारलं, त्या दिवशी तू गप्प बसलास, ते तुला पटलं म्हणून?

म्हणाला, "न्हाय सर. बोलून उपयोग न्हवता म्हणून."

"मग तसं सांगायचं की लेका!"

"तुम्ही विचारलं कुठं?"

राग आला. त्याच्यावर आला, मग कोणावर होता ते कळेना. चिडून जिना उतरलो आणि वडापाव खाल्ला, जो मला डॉक्टरनी बंद केलाय.

१७ मार्च, सोमवार

घरात एकटाच आहे. तेजस्वी सयाजीला घेऊन माहेरी गेली. परत कधी येणार, बोलली नाही. मी गृहीत धरलं होतं, आठवड्याभरात येईल. मग लिहिता लिहिता थांबलो, 'गृहीत' या शब्दापाशी.

उद्या मंगळवार. त्या मोटारीचा मेन गैबीनं पाडून ठेवलाय. पण बाकीच्या गावांत कुठं कुठं, कोणकोणते वार पाळतात? कुठं सोमवार, कुठं शुक्रवार असेल. अमावस्या असेल. कोण कधी आत उतरतं? मला एकाही गावाचं माहीत नाही. आणि सगळे ठिपके हिरवे.

बीपीची गोळी घेतली. आता गाडीची किल्ली शोधतोय.

त्याच दिवशी

काढून टाकलं. ऑफिसला परत गेलो, अझीम रोजा सोडायला निघाला होता, त्याला म्हटलं बस. तो खजूर तोंडात टाकून बसला. डिफॉल्टमधून मोटर सुरू करायची ओळ काढली. पहिली ओळ आता हाळीची: नाव घेऊन बोलवतो, घंटी वाजते, उत्तर मागते. उत्तर आलं नाही तर मोटर बंदच. ज्यांना आपोआप पाहिजे त्यांनी स्वतःच्या क्लासमध्ये, स्वतःच्या जबाबदारीवर लिहून घ्यावं.

चढवलं. मग मॅडमना फोन केला. आधी चढवलं आणि मग फोन केला, हे मुद्दाम लिहून ठेवतो. भडकल्या. "कोणाला विचारून?" म्हणाल्या.

प्रश्न बरोबर होता.

२१ मार्च, शुक्रवार

मी आणि अझीम वाटून घेऊन एकेका संस्थेला फोन करतोय. मेल नाही, फोन. तुमच्याकडं कोणता वार पाळतात? विहिरीत कोण उतरतं? कधी? निम्मे लोक आधी हसतात. एका अध्यक्षांनी विचारलं, "सोयरीक जमवायची हाय काय?" शिरोळकडच्या एकानं पाऊण तास घेतला, नातवाचं बारसंसुद्धा सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, आमच्या विहिरीत रोज सकाळी दोघं उतरतात. रोज. सहा तारखेनंतर तिथली लाईट सकाळची कधी गेलीच नव्हती, एवढंच.

फोन ठेवला आणि वहीत त्या संस्थेपुढं 'रोज सकाळी, दोघं' लिहून खाली दोन रेघा ओढल्या. अझीमनं पाण्याचा ग्लास पुढं केला. स्वतः प्यायला नाही, त्याचा रोजा.

बहुतेकांनी शिव्या घातल्या. परत बटण आलं म्हणून. घालू देत.

जयसिंगपूरचं काम गेलं. मॅडम माझ्याशी फक्त मेलवर बोलतात.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी उभी केली नाही, एकट्यानं काय करायची. शेजारच्या आक्का श्रीखंड देऊन गेल्या आणि विचारलं, "तेजस्वी कवा येणार?" म्हटलं, माहीत नाही. पूर्वी मी 'येईल की' म्हणालो असतो.

२ एप्रिल, बुधवार

सासुरवाडीला गेलो होतो. गैबीनं केबल नवीन टाकली, दिव्याला वेगळी लाईन घेतली. आज मोटर पहिल्यांदा लावायची होती. ऊस वाळायला लागलाय, सगळं गाव काठावर जमलेलं.

सयाजी खुर्चीत, हात गळ्यात बांधलेला. बोटं अजून तशीच आहेत. मला म्हणाला, "दाजी, तुमच्या हातानं लावा. तुमची मोटर तुमच्यावर रुसाय नको."

गैबीनं मेन वर केला तशी, आजच्यापुरता ऑपरेटर म्हणून घातलेल्या माझ्या फोनची घंटी वाजली. हाळी. 'आत कोणी आहे का?' खाली दोन बटणं, आहे आणि नाही. फोन बाजूला ठेवला. काठाशी गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा ओरडलो, "कोण हाय काऽऽ आत?"

आवाज खाली जाऊन परत आला. आतून काही नाही.

"दाबा," सयाजी म्हणाला.

माझा हात पुढं जाईना. आतून काही आलं नाही, हे तर मला चांगलं माहीत असलेलं उत्तर होतं. लोक बघत होते. कोणीतरी म्हणालं, "सायबाला बटण सापडंना वाटतं."

"दाजी, गप हाय म्हंजे कोण न्हाय," सयाजी समजावणीच्या सुरात म्हणाला. "आम्ही असंच करतोय की बापजन्मापासनं."

"असंच करत आलो आपण," मी म्हणालो. "हे मला आता पटत नाही."

तेव्हा गर्दीतून तेजस्वी आली. चप्पल काढली, काठावर गुडघे टेकले, कठड्याला धरून पार आत वाकली. बराच वेळ बघत राहिली. मला तिचा फक्त अंबाडा दिसत होता. मग उठली, पदराला हात पुसले आणि सरळ माझ्याकडं बघून म्हणाली, "कोणी न्हाय. मी बघितलंय. लावा."

तीन आठवड्यांत माझ्याशी बोललेले पहिले शब्द.

मी फोनवर 'नाही' दाबलं. मोटर लागली. पाटाला पाणी आलं तसं सयाजी डाव्या हातानं मांडीवर थाप मारून ओरडला.

निघताना ती गाडीपर्यंत आली. दार उघडून बाजूला उभा राहण्याची माझी सवय आहे. ती बसते, मी लावतो. आज दार उघडलं नाही. विचारलं, "येणार का घरी?"

ती मला बघत राहिली, मघाशी विहिरीत बघत होती तशी. म्हणाली, "लग्न झाल्यापासून आज पहिल्यांदा विचारलंत."

"मग?"

"आज न्हाय. दादाची पट्टी सुटू दे. आणि मे महिन्यात मी गोव्याला येणार न्हाय, ते पण ऐकून ठेवा."

ऐकलं. कागलच्या पुलावरून एकटाच परत आलो. गोव्यातून आमची दोन्ही नावं काढायला मित्राला फोन केला, मग वाटेत गाडी थांबवून तेजस्वीला लावला. म्हटलं, भाकरी करताना तू मंगळवारचं सांगितलं होतंस. मला आता आठवतंय. आमटीत मीठ कमी होतं त्या दिवशी.

बराच वेळ ती काही बोलली नाही. मी पण फोन ठेवला नाही. थांबलो.